रात्रभरात गाडी एका बाजूला का ‘बसते’? महागड्या सस्पेन्शनचं दुखणं लाखांत जाण्याआधी असं ओळखा!

डिसेंबरची सकाळ. तिकडे निफाडचा पारा दहा अंशांच्या खाली घसरलेला आणि इकडे नाशिकच्या गंगापूर रोडवर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली महागडी एसयूव्ही एका बाजूला झुकलेली. रात्री लावली तेव्हा ती अगदी सरळ होती. चारही टायरमध्ये हवा आहे, तरी पुढचं डावं चाक जवळजवळ मडगार्डमध्ये शिरलंय. मालक गाडी सुरू करतो, खालून घर्रर्र असा आवाज येतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात गाडी पुन्हा आपोआप सरळ होते.

“झाली ठीक!” असं म्हणून मालक निघून जातो. खरं तर मोठ्या बिलाची सुरुवात याच क्षणी झालेली असते.

गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी बसणं’ म्हणतात. महागड्या गाड्या आता फक्त मुंबई-पुण्याची मक्तेदारी राहिलेल्या नाहीत. २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच वेळी तब्बल १५० मर्सिडीज विकल्या गेल्या आणि त्याची देशभर चर्चा झाली. अशा गाड्या पुढे सेकंड हँड बाजारात येतात. नव्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात, म्हणून हौसेनं घेतल्याही जातात. पण गाडीची किंमत कमी झाली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत कमी होत नाही. हे पहिल्यांदा कळतं ते बहुतेक वेळा गाडी बसते तेव्हाच!

म्हणूनच हे सस्पेन्शन कसं चालतं, ते खाली का बसतं आणि दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, ते समजून घेऊया.

सगळ्याच ‘हायड्रॉलिक’ नसतात!

आपल्याकडे वर-खाली होणाऱ्या कोणत्याही सस्पेन्शनला सरसकट ‘हायड्रॉलिक’ म्हणायची पद्धत आहे. पण दोन यंत्रणा वेगळ्या आहेत आणि त्यांची दुखणीही वेगळी.

नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कॉर्पिओसारख्या गाडीचं वजन पोलादी स्प्रिंगवर असतं. स्प्रिंगमधून गळण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे ती एका रात्रीत बसत नाही.

आजच्या अनेक लक्झरी गाड्यांमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा फुगा असतो. त्यात कॉम्प्रेसरनं हवा भरलेली असते. हे ‘एअर सस्पेन्शन’. मर्सिडीजचं ‘एअरमॅटिक’ याच प्रकारातलं. नाशिक-पुणे मार्गावरच्या शिवनेरी बसनं जाणाऱ्यांना याचा अनुभव आहेच. खड्ड्यातून जाताना बस दणका देत नाही, होडीसारखी हलकेच डुलते. ती याच हवेच्या फुग्यांची कमाल!

खरं हायड्रॉलिक सस्पेन्शन तेलावर चालतं. इंजिनवर फिरणारा पंप तेलाला प्रचंड दाब देतो आणि त्या दाबानं गाडी उचलली जाते. मर्सिडीजनं १९९९ मध्ये आणलेलं ‘अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल’ हे याचं ठळक उदाहरण. त्यात पोलादी स्प्रिंग असतेच, पण तिच्या जोडीला तेलाचा सिलिंडरही असतो. या यंत्रणेतला दाब २०० बारच्या आसपास जातो. कारच्या टायरमधल्या दाबाशी तुलना केली, तर जवळपास ऐंशी-नव्वद पट!

त्यामुळे गाडी बसली की पहिला प्रश्न हा : आपल्या गाडीत हवा आहे की तेल? उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतं. बॉनेटखाली सस्पेन्शनच्या तेलाची वेगळी टाकी दिसली, तर गाडी तेलाची समजायला हरकत नाही.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी?

तेलाच्या सस्पेन्शनला जगभर नाव मिळवून दिलं ते फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीनं. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तिची ‘डीएस’ ही गाडी लोकांसमोर आली. तिच्यात तेल आणि नायट्रोजन वायू भरलेले धातूचे गोळे होते. वायू स्प्रिंगचं काम करायचा आणि तेल गाडीची उंची सांभाळायचं. गाडीत एक माणूस बसो किंवा पाच, उंची तीच!

२२ ऑगस्ट १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या अशाच डीएस गाडीवर पॅरिसजवळ गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकानं गाडी ताब्यात ठेवली आणि वेगानं बाहेर काढली. या सुटकेनंतर डीएसच्या सस्पेन्शनचा बोलबाला आणखी वाढला.

हवेच्या यंत्रणेची सुरुवात मात्र इतकी सुखाची नव्हती. अमेरिकेत १९५७ च्या ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम’मध्ये एअर सस्पेन्शन दिलं होतं. त्यातून हवा गळायची. कंटाळून अनेक मालकांनी ते काढून टाकलं आणि साध्या पोलादी स्प्रिंग बसवल्या. म्हणजे आज नाशिकमध्ये एखादा मालक ज्या चक्रात सापडतो, ते चक्र साठ-पासष्ट वर्षं जुनं आहे!

गाडी कुठून बसली, यातच अर्धं उत्तर असतं

एअर सस्पेन्शनमध्ये मोजकेच भाग असतात : चार फुगे (काही गाड्यांत फक्त मागे दोन), एक कॉम्प्रेसर, हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर, कोणत्या चाकाला हवा द्यायची हे ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा कंट्रोल युनिट. अनेक गाड्यांमध्ये हवा साठवायची टाकीही असते.

आता लक्षणं पाहा.

– फक्त एकच कोपरा बसतोय : संशय त्या कोपऱ्यातल्या फुग्यावर, त्याच्या नळीवर किंवा नळीच्या जोडावर.

– पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही कोपरे बसतायत : दोन्ही फुगे एकाच वयाचे असल्यानं एकदमच गेलेले असू शकतात, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून हवा निसटतेय.

– गाडी बसते आणि सुरू केल्यावरही वर येत नाही : कॉम्प्रेसर, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासायला हवा.

– गाडी बसत नाही, पण एक बाजू कायम खाली किंवा वर राहते : इथे गळतीपेक्षा उंचीच्या सेन्सरवर संशय जास्त.

हे नुसत्या नजरेनं ठरवू नका. घरातली मोजपट्टी घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडीचं दारही न उघडता तेच चार आकडे पुन्हा मोजा. मेकॅनिककडे जाताना हा कागद सोबत असला, तर अर्धा दिवस वाचतो.

थंडीत सगळीकडे सारखेच काही मिलिमीटर कमी भरले, तर घाबरायचं कारण नाही. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १० अंश असेल, तर फुग्यातली हवा सहा-सात टक्के आकसते. हा साधा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मात्र एकच कोपरा दोन-तीन सेंटिमीटर खाली आला, तर दोष हवामानाचा नाही. थंडीत रबर कडक होतं आणि उन्हाळ्यात दबून राहिलेली बारीक चीर उघडी पडते. म्हणूनच या तक्रारी थंडीच्या सकाळी जास्त दिसतात.

खरा गुन्हेगार लपतो कसा?

इथे अनेक जण फसतात. काही गाड्यांचा कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही अधूनमधून जागा होतो आणि उंची तपासतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला, की गाडी तिरकी दिसू नये म्हणून तो बाकीच्या तीन कोपऱ्यांतली हवासुद्धा सोडतो. सकाळी चारही कोपरे सारखेच बसलेले! पाहणाऱ्याला वाटतं सगळी यंत्रणाच गेली, प्रत्यक्षात गळती एकाच फुग्यात असते.

यावर उपाय सोपा आहे. गाडी योग्य उंचीवर असताना सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवायचा. कोणता फ्यूज हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आता कंट्रोल युनिट मध्ये लुडबुड करू शकत नाही. रात्रभरात जो कोपरा बसेल, दोष त्याचाच. सकाळी फ्यूज परत लावायला मात्र विसरू नका!

पंक्चरवाल्याची युक्ती इथेही चालते

पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे येतात ती जागा खुणेनं धरून ठेवतो. गाडीचा फुगा घमेल्यात बुडवता येत नाही, म्हणून पाणी फुग्याकडे न्यायचं. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण एकत्र करा. गाडी पूर्ण उंचीवर असताना फुग्यावर, विशेषतः खालच्या घडीवर, पट्टीनं आवळलेल्या कडेवर आणि वरच्या नळीच्या जोडावर फवारा मारा. हवा गळत असेल तिथे बारीक फेस वाढत जातो.

फुग्याची घडी गाडीच्या उंचीनुसार सरकते. त्यामुळे एका उंचीवर बंद असलेली चीर दुसऱ्या उंचीवर उघडते. तपासणी म्हणूनच दोन-तीन उंचींवर करायला हवी. फुग्यात काहीच सापडलं नाही, तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांवर फवारा मारायचा. तिथली विजेची जोडणी भिजणार नाही याची काळजी घ्या.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : अशा गाडीखाली हात किंवा डोकं कधीही घालू नका. फुगा अचानक रिकामा झाला, तर दोन टनांहून जड गाडी क्षणात खाली येते. खालून तपासायचं असेल, तर ते गॅरेजमध्ये लिफ्टवर किंवा पक्क्या स्टँडवरच व्हावं. बऱ्याच गाड्यांमध्ये ‘जॅक मोड’ असतो, जॅक लावण्याआधी तो चालू करावा लागतो. रिकाम्या फुग्यावर एकदम गाडीचं वजन टेकवलं, तर तो चुकीच्या जागी दुमडून कायमचा खराब होतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी

गाडी स्कॅनरला लावली, की बऱ्याचदा ‘दाब तयार व्हायला जास्त वेळ लागतोय’ अशा अर्थाचा कोड येतो. मग निदान होतं : “कॉम्प्रेसर गेला.” कॉम्प्रेसर बदलला जातो, गाडी वर येते, सगळे खूश. काही महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही बंद!

कारण कॉम्प्रेसर आजारी पडला होता, पण आजार त्याचा नव्हता. निरोगी गाडीत कॉम्प्रेसरला थोडा वेळच चालावं लागतं. एखादा फुगा गळत असेल, तर तो पुन्हा पुन्हा चालू होतो. तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते. जास्त हवा खेचल्यामुळे ड्रायर ओलाव्यानं भरून जातो आणि मग ते पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतं. रिलेचे संपर्कबिंदू तापून एकमेकांना चिकटले, तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बॅटरीही उतरते. एका फुग्याचं काम अशा रीतीनं फुगा, कॉम्प्रेसर, ड्रायर, रिले आणि व्हॉल्व्ह ब्लॉक इतकं वाढतं.

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीन सांभाळणाऱ्या कोणत्याही फिटरला हे सांगावं लागत नाही. दाब कमी झाला तर आधी गळती शोधायची आणि मग पंपाला हात लावायचा, हा त्याचा रोजचा शिरस्ता. लक्झरी गाडीच्या बाबतीतही क्रम तोच. कॉम्प्रेसर खरोखर बदलावाच लागला, तर सोबत रिले बदलणं आणि ड्रायर तपासणं शहाणपणाचं.

सेन्सरची गोष्ट त्याहून स्वस्त. सेन्सरला चाकाच्या सांध्याशी जोडणारी एक छोटी दांडी असते. इगतपुरीच्या पावसात भरलेला चिखल किंवा उडालेली खडी यामुळे ती निसटते, तुटते. कंट्रोल युनिटला चुकीची उंची कळते आणि तो इमानदारीनं गाडी चुकीच्या उंचीवर आणून ठेवतो. अशा वेळी हजारो रुपयांचा फुगा बदलून काहीही फरक पडत नाही. सेन्सर बदलल्यावर गाडीची उंची स्कॅनरवर नव्यानं ठरवून घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

गाडी तेलाची असेल तर?

तेलाच्या यंत्रणेत गळती बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते. पार्किंगच्या फरशीवर डाग पडतो, टाकीतली पातळी उतरते. डाग कुठेच नाही, तरी एक कोपरा रात्रीत बसतो? मग तेल बाहेर न पडता व्हॉल्व्ह ब्लॉकमधून आतल्या आतच परत टाकीकडे जात असण्याची शक्यता असते.

सिट्रोएनच्या जुन्या गाड्यांमध्ये तर उलटी गंमत आहे. डीएस उभी करून ठेवली, की काही तासांत ती खाली बसते आणि ते अगदी नॉर्मल आहे! तिच्या गोळ्यांमधला नायट्रोजन संपला, तर गाडी बसत नाही, बैलगाडीसारखी कडक होते. म्हणजे ‘बसली’ आणि ‘कडक झाली’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

तेलाच्या बाबतीत दोन पथ्यं कसोशीनं पाळावी लागतात. पहिलं, तेल कंपनीनं सांगितलेलंच घालायचं. सिट्रोएननं १९६० च्या दशकात लाल तेल सोडून हिरवं खनिज तेल वापरायला सुरुवात केली. दोन्हींसाठी रबरी सील वेगळे असल्यानं एकाचं तेल दुसऱ्यात घातलं, की सील खराब व्हायचे. आजही सस्पेन्शनच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतणं म्हणजे सगळे सील बदलण्याची तयारी करणं.

दुसरं पथ्य जिवाशी संबंधित आहे. २०० बार दाबाच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं असेल, तर तिथून निघणारी तेलाची धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. गळती हातानं चाचपून कधीही शोधू नये. गाडी बंद करावी आणि काम जाणकारावर सोपवावं.

दुरुस्तीचे मार्ग कोणते?

दोष सापडला, की साधारण चार पर्याय समोर येतात.

१. कंपनीचा नवा भाग : सर्वात महाग, पण सर्वात निर्धास्त.

२. नामांकित उत्पादकाचा बदली भाग : कंपनीच्या डब्याबाहेरचा असल्यानं स्वस्त. मात्र बिल आणि वॉरंटी कागदावर घ्या.

३. जुना भाग दुरुस्त करून घेणं : शॉक अब्सॉर्बर चांगला असेल, तर काही वेळा फक्त रबराचा फुगा बदलता येतो. काम करणाऱ्याचा हात किती सफाईदार आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं. फुग्याला सोल्यूशन लावून पंक्चर काढून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा!

४. हवेचं सस्पेन्शन काढून पोलादी स्प्रिंग बसवणं : खर्च कमी, पण गाडी मूळ रूपात राहत नाही. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंधनं आहेत. त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

विम्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही. फुगा जुना होऊन फाटला, तर बिल खिशातूनच भरावं लागतं.

आणि एक चूक टाळा : “मुंबईला नेऊनच दाखवू” म्हणत बसलेली गाडी तशीच चालवत कसारा घाट उतरणं. फुगा रिकामा असताना टायर मडगार्डला घासतो, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि प्रत्येक खड्ड्याचा मार थेट चॅसीवर बसतो. अशी गाडी चारही चाकं वर ठेवणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकवरूनच न्यावी.

सेकंड हँड घेताय? मग गाडी ‘थंड’ पाहा

विकणारा बहुतेक वेळा गाडी आधीच सुरू करून, धुऊन-पुसून दाखवायला आणतो. तोपर्यंत कॉम्प्रेसरनं आपलं काम केलेलं असतं आणि गाडी ऐटीत उभी असते. म्हणून पाहायला सकाळी लवकर जा आणि रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता दाखवा, असं आधीच सांगून ठेवा. चारही कोपरे मोजा. मग सुरू करून कॉम्प्रेसर किती वेळ घरघरतो ते ऐका. गाडी सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या उंचीवर नेऊन पाहा. बंद करून तासाभरानं पुन्हा मोजा. गाडी सात-आठ वर्षांहून जुनी असेल, तर फुगे कधी बदलले याचं बिल मागा. बिल नसेल, तर तो खर्च तुमच्या वाट्याला येणार असं धरूनच भाव करा.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी गाडी धुताना चाकांच्या आतल्या फुग्यांवरही साधं पाणी मारावं. घडीत अडकलेली वाळू रबराला आतून घासत राहते. आणि सकाळी एखादा कोपरा बोटभर जरी खाली दिसला, तरी गाडी सुरू करून ‘झाली ठीक’ म्हणू नका. त्या दिवशी गळती एका फुग्यापुरतीच असते आणि साबणाच्या पाण्याची एक बाटली ती शोधून देऊ शकते.